कोनची किडेवाली

कोन गावात आशालताला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं आता थोडी उरली आहेत. बाकी सगळे तिला किडेवाली म्हणतात. रिक्षावाल्याला 'किडेवालीकडे' एवढं सांगितलं की तो एक्सप्रेसवेच्या पुलाखालून रिक्षा घालतो, गोडाऊनच्या पत्र्याच्या भिंतीला लागून पुढे जातो आणि तुतीच्या हिरव्या पट्ट्यासमोर थांबतो. आशालताला या नावाचा राग येत नाही. तिच्या नवऱ्याला, दीनानाथला, सुरुवातीला यायचा. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तो शांत माणूस. "बायकोला लोक किडेवाली बोलतात, बरं नाय वाटत," असं तो एकदा जेवताना म्हणाला. तेव्हा भाकरी वाढता वाढता आशालता म्हणाली, "मंग काय गोडाऊनवाली बोलले असते तर बरं वाटलं असतं?"

दीनानाथ ताटाकडे वळला, कारण गोडाऊनचा विषय घरात नाजूक होता. त्याचा धाकटा भाऊ काशीराम याने आपल्या वाटणीचं शेत भराव टाकून गोडाऊनला दिलं होतं. त्या भरावाने पाण्याची वाट बुजली आणि आशालताच्या खाचरात भात पिकेनासा झाला. आता हिचीही जमीन गोडाऊनला जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आशालताने मात्र बीडकडे बहिणीच्या सासरी गेली असताना तुतीचं शेत आणि रेशमाच्या अळ्या पाहिल्या आणि परत आली ती तुतीची रोपं कुठे मिळतील हे विचारत. रेशीम कार्यालयातल्या साहेबांनी तिला समजावलं, "मावशी, इकडची हवा दमट आहे. कोकणात हे किडे टिकवणं अवघड जातं."

"आमी टिकलो ना इथं?" आशालता म्हणाली. "मंग किडे पन टिकतील."

आणि टिकले. उंचवट्यावर तुती लागली, वाऱ्याच्या अंगाने शेड उभी राहिली, दारं-खिडक्यांना माश्या अडवायला जाळी बसली. सरकारी केंद्रातून बारक्या अळ्या यायच्या, आशालता त्यांना वेळेवर पाला घालायची. अळ्या मोठ्या झाल्या आणि एकदम पाल्यावर तुटून पडल्या की शेडमध्ये एक आवाज भरून राहायचा, कुणी कडक इस्त्रीची सुती साडी हलक्या हाताने उलगडत असावं तसा. मग अळ्या पिकायच्या, म्हणजे अंगाने पारदर्शक व्हायच्या. त्यांना चंद्रिकेवर, प्लास्टिकच्या घडीच्या चौकटीवर, सोडलं की त्या स्वतःभोवती धागा गुंडाळत बसायच्या आणि दोन-तीन दिवसांत सगळी चंद्रिका पांढऱ्या कोषांनी भरून जायची. असे कित्येक हंगाम नीट पार पडले. गावातली माणसं हसायची थांबली नाहीत, पण हसता हसता शेडमध्ये डोकावून जायला लागली.

मनस्वी या घरात सून म्हणून आली ती सुकापूरच्या फ्लॅटमधून. आशालताचा मुलगा इंद्रजीत जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. मनस्वी लग्नाआधी नवीन पनवेलला एका कुरिअर ऑफिसात होती. अळ्यांची तिला पहिल्यांदा इतकी किळस आली की ती शेडच्या दारातून उलटी फिरली. पण एकटीने घरात बसून करायचं काय, म्हणून पाला कापायला लागली, मग पाला घालायला, आणि बघता बघता शेडची अर्धी जबाबदारी तिच्याकडे आली.

शेडमधल्या पहिल्याच महिन्यात एका सकाळी ती दारातच थांबली आणि खाली बघत म्हणाली, "आई, मी आज आत येत नाही. मला बाजूला बसायचंय."

आशालता पाल्याचा भारा सोडत होती. तिने विचारलं, "पोट दुखतंय?"

"नाही."

"हात दुखतात?"

"नाही."

"मंग ये आत. पाला सुकतोय."

मनस्वी आली. आशालताच्या मनात मात्र ते किती तरी दिवस घोळत राहिलं. ती स्वतः वयात आली तेव्हापासून मागच्या पडवीत, गोणपाटावर, वेगळं ताट घेऊन बसली होती. लोणच्याच्या बरणीवर सावली पडली तरी आजूबाजूच्या बायका ओरडायच्या. आपल्या शेडमध्ये हे चालायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगायच्या भानगडीत पडली नाही.

त्या वर्षी नवरात्रातही मनस्वी शेडमध्ये येत-जात राहिली. पाळी आली त्या दिवसांतही.

दसरा झाला आणि ऊन तापायला लागलं. दिवसभर पत्रा तापायचा आणि संध्याकाळी खाडीकडून दमट वारा यायचा. अळ्या कोष विणण्याआधीच्या शेवटच्या वयात होत्या, करंगळीएवढ्या. एका सकाळी मनस्वी रॅकच्या कडेला वाकून काही तरी बघत राहिली.

"आई, ही अळी बघा ना. खात नाही, गप पण बसत नाही. सारखी कडेकडेने फिरतेय."

आशालताने पाहिलं. अळीची कातडी तेल लावल्यासारखी चमकत होती आणि ताणलेली होती. अंगावरची वळी सुजून बांबूच्या पेरांसारखी वर आली होती. पांढरा रंग पिवळसर झाला होता. आशालताने तिला अलगद दोन बोटांत धरलं तर कातडी फाटली आणि दुधासारखं पाणी बोटावर आलं. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला, कशालाच लागू दिला नाही.

"काय झालं?" मनस्वीने विचारलं.

"ग्रासरी," आशालता म्हणाली. रेशीम कार्यालयाच्या प्रशिक्षणात तिने या रोगाचं नाव ऐकलं होतं आणि भिंतीवरच्या तक्त्यात एक चित्र पाहिलं होतं. "साबणाचं पाणी आण. आणि तू काय बी शिवू नको त्या रॅकला."

दुसऱ्या दिवशी सगळ्याच रॅकवर तशा अळ्या दिसल्या. काही कडेवरून खाली पडत होत्या, काही मागच्या पायांनी काडीला धरून उलट्या लोंबकळत होत्या आणि तशाच काळ्या पडत होत्या. जी फुटायची तिचं पाणी खालच्या पाल्यावर पडायचं आणि तो पाला बाकीच्या खायच्या. शेडमध्ये आंबूस वास सुटला. सासू-सून चिमट्याने एकेक आजारी अळी उचलून चुना आणि ब्लीचिंग पावडर घातलेल्या बादलीत टाकत होत्या. दीनानाथ बाहेर खड्डा खणत होता. कालपर्यंत कडक साडी उलगडल्याचा आवाज होता त्या शेडमध्ये आता इतकं गप्प वाटत होतं की गोडाऊनमधल्या ट्रकचा रिव्हर्सचा पीं-पीं आवाज आतपर्यंत येत होता.

अशी बातमी लपत नाही. काशीराम आला तो एकटा नव्हता. गावदेवीच्या देवळाच्या कमिटीवर तो होता, आणि कमिटीतलेच दोघे-तिघे, शिवाय आळीतल्या काही बायका त्याच्यासोबत होत्या. त्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि नाकावर रुमाल धरला.

"वयनी, नवरात्रात या शेडमधी कोण कोण जात होतं?"

"मी आनि सून."

"सगळे दिवस?"

आशालताला प्रश्नाचा रोख कळला. मागे मनस्वीच्या हातातला चिमटा थांबला होता, तेही तिला न वळता कळलं.

"सगळे दिवस," ती म्हणाली. "सूनबाईची पाळी पन होती मधी. तेच इचारायचं होतं ना? मंग सरळ इचारा."

बायकांनी पदर तोंडाला लावला. काशीराम रागावला नाही. तो समजावण्याच्या सुरातच म्हणाला, "रेशीम देवाला लागतं, वयनी. असल्या वस्तूला सोवळं पाळावं लागतं. झालं ते झालं. देवीला मान देऊ, नारळ फोडू. आनि तोवर पोरीला आत पाठवू नका. जमत नसंल तर सोडून द्या हे. जागा माझ्या जागेला लागूनच हाय."

"भावजी, मागल्या साली तुमच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या मेल्या, तवा तिथं कोण गेलं होतं पाळीतलं?"

"त्याचा इथं काय संबंध? ती साथ होती."

"मंग ही पन साथच हाय."

"मला काय माहीत नाय का..." काशीराम म्हणायला लागला.

आशालताने त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही, बादलीची कडी मात्र घट्ट धरली. "मी या घरात आली तवा भाताची लावणी असायची. चिखलात गुडघाभर. माझी पाळी असली, जावेची असली, कोनी इचारलं नाय. सासऱ्यांनी इचारलं नाय, तुमी पन नाय. हात कमी पडायचे तवा इटाळ नव्हता. तो भात देवीला चालला. आता ही पोर दिवसभर राबते तर तिचा इटाळ झाला?"

काशीराम म्हणाला, "तुमची मर्जी," आणि सगळे निघून गेले.

ते गेल्यावर मनस्वी म्हणाली, "आई, खरंच माझ्यामुळे झालं नसेल ना?" तिचा चेहरा उतरला होता. "आमच्याकडे पण पाळायचे सगळे. मला वाटायचं मी नाही मानत. पण आज असं सगळ्यांसमोर विचारल्यावर ना, आतून वाटतंच."

आशालतालाही आत कुठे तरी, लहानपणापासूनच्या जागेवर, एक टोचणी लागलीच होती. तिने ती मनस्वीला दाखवली नाही. "स्नेहलम्याडमला फोन लाव," एवढंच ती म्हणाली.

स्नेहल रेशीम कार्यालयात तांत्रिक सहायक होती. रोडपालीला राहायची आणि स्कूटरवरून सगळा तालुका फिरायची. ती दुपारी आली ती पाठीवरच्या बॅगेत सूक्ष्मदर्शक घेऊनच. आत शिरण्याआधी तिने चपला काढल्या, हात धुतले. एका आजारी अळीचा पाय सुईने टोचून तिने दुधी पाण्याचा थेंब काचेवर घेतला, बराच वेळ पाहिलं आणि मग बाजूला होऊन म्हणाली, "या ताई, बघा."

आशालताने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग बारीक बारीक चकचकीत दाणे दिसले, साखर सांडल्यासारखे, पण कोपरे असलेले.

"हे काय?"

"विषाणू आहेत यांच्या आत. पेटीत बंद करून ठेवल्यासारखे. धुळीत, फटींत, वर्षानुवर्षं टिकतात. पाल्यावाटे अळीच्या पोटात गेले की पेटी उघडते. मग ते वाढतात, अळी सुजते, फुटते आणि पुढच्या अळ्यांना देते. आणि एकदा लागलं की यावर औषध नाही ताई, खोटं कशाला सांगू. जी आजारी दिसेल ती उचलायची, बाकीच्यांना मोकळी जागा द्यायची, चुना टाकायचा, शेडमध्ये हवा खेळती ठेवायची. बाकी जे वाचेल ते वाचेल."

"मनस्वी," आशालताने हाक मारली. "इकडं ये. बघ, कोनामुळे झालं ते."

मनस्वीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने स्नेहलला स्पष्टच विचारलं, "मॅडम, पाळीमध्ये शेडमध्ये आलं तर होतं का हे?"

स्नेहल म्हणाली, "मी पण येते की. दर महिन्याला सुट्टी घेतली तर नोकरी जाईल माझी." आणि मग थट्टा सोडून तिने विचारलं, "बाहेरून काही आणलं होतं का या वेळी? ट्रे, जाळ्या, चंद्रिका?"

आशालताला आठवायला वेळ लागला नाही. पाला बदलताना अळ्यांवर जाळी अंथरावी लागते. अळ्या जाळीतून वर नव्या पाल्यावर येतात आणि खालचा कचरा काढता येतो. या वेळी अळ्या जास्त घेतल्या होत्या, जाळ्या कमी पडल्या, म्हणून पलीकडच्या गावातल्या बाळूच्या जाळ्या तिने आणल्या होत्या. बाळूने गेल्या वर्षी अळ्या पाळणं सोडलं होतं. त्या जाळ्या एका कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या होत्या. स्नेहलने त्या उजेडात धरल्या. दोऱ्यांच्या गाठींशी पिवळट, वाळलेले डाग होते.

"धुतल्या होत्या का?"

"तो बोलला धुतल्यात. मी नुसत्या उन्हात टाकल्या."

"नुसत्या उन्हाने हे सगळे मरत नाहीत," स्नेहल म्हणाली. "यातूनच आलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. उष्माही होता. पण माझा संशय इथेच आहे."

संध्याकाळचा पाला घालून झाल्यावर आशालता मनस्वीच्या मागे स्कूटीवर बसली आणि दोघी बाळूकडे गेल्या. जाताना आशालताच्या मनात शिव्यांशिवाय काही नव्हतं. बाळूच्या शेडमध्ये आता भंगार भरलेलं होतं, जुने पंखे, पत्रे, प्लास्टिकचे ड्रम. तो ओट्यावर बसला होता. ती समोर उभी राहिली आणि जाळ्यांची पिशवी तिने दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली.

"बाळू, तुझ्या अळ्या कशानं गेल्या होत्या?"

"कुठं गेल्या? माझा गुडघा दुखाय लागला म्हणून सोडलं मी. सांगितलं ना तुला."

"माझी शेड मरतेय. आज म्याडमनी डाग दाखवले जाळीवर. खरं बोल."

बाळू पिशवीकडे बघत राहिला. त्याच्या मागे दारात त्याची बायको शोभा येऊन उभी राहिली होती. ती फार न बोलणारी म्हणून सगळ्यांना माहीत. तीच बोलली.

"पिवळ्या झाल्या होत्या. दूध यायचं अंगातून. सगळ्या गेल्या."

"शोभा, तू आत जा," बाळू म्हणाला.

ती आत गेली नाही. "लोकांना काय सांगायचं म्हणून गुडघा बोलले. आनि मला बोलले, तू त्या दिवसांत शेडमधी गेलीस म्हणून झालं. तवापासून मी या शेडच्या दारात पन नाय गेली. भंगार ठेवायला पन नाय जाऊ दिलं."

आशालता आली होती ती भांडायला. पण आता ती शोभाकडे वळली. वर्षभर ही बाई स्वतःच्याच अंगणात त्या दाराला वळसा घालून जात होती आणि हे कुणाला माहीत नव्हतं. बाळूने आजार लपवला तो लोकांच्या तोंडाला भिऊन, आणि लपवलेला आजार जाळीवर बसून कोनला आला.

"शोभा," ती म्हणाली, "मी आज ते बघितलं काचेतून. डोळ्यांनी. साखरेसारखे दाणे असतात. तुझ्यामुळे नाय झालं."

मनस्वी पुढे झाली. "मला पण तेच म्हणाले आज. माझ्यामुळे झालं म्हणून."

शोभाने तिच्याकडे नीट पाहिलं, जणू आपल्यासारखीच दुसरी कुणी असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. मग तिने विचारलं, "मंग तू जातेस अजून आत?"

"रोज."

बाळू खाली मान घालून म्हणाला, "माझं चुकलं, आशाताई. धुवायला पाहिजे होत्या."

"ते तर चुकलंच. माझं पन चुकलं, मी तुझ्या शब्दावर राहिली. पन माझ्या जाळ्यांपेक्षा जास्त वाईट तू हिचं केलंस." आशालता निघताना शोभाकडे वळली. "कोष काढले की मी सगळी शेड धुवायला घेनार हाय. दोन हात जास्त लागतील. येशील?"

शोभाने बाळूकडे पाहिलं नाही. "येते," म्हणाली.

जगलेल्या अळ्या चंद्रिकेवर चढल्या. पण त्यातल्याही कित्येकींच्या अंगात ग्रासरी होतीच. काही अर्धवट धागा काढून थांबल्या. काहींनी कोष विणला, पण आतच मेल्या आणि आतून काळा डाग बाहेर फुटला. चांगला कोष दोन बोटांत दाबला तर दबत नाही, हे कोष भिजलेल्या कागदासारखे आत जात होते. याला पोचट कोष म्हणतात. आशालताने अंगणात चादर अंथरली आणि कोष निवडायला बसली. चांगले एकीकडे, पोचट दुसरीकडे, डागी तिसरीकडे. चांगल्यांचा ढीग सगळ्यात लहान होता. तो बघून एकदा तिचे डोळे भरून आले. तिने ते दंडाला पुसले आणि निवडणं चालू ठेवलं.

दीनानाथ शेजारी बसून हळूच म्हणाला, "थोडे पोचट मधी घातले तर कळंल का?"

"कळंल नाय तर काय. आनि नाय कळलं तरी नाय घालायचे. बाळूनं जाळ्या देताना हेच केलं ना?"

कोष न्यायला पनवेलचा अझहर आला. तो गावोगावचे कोष गोळा करून धागा काढणाऱ्यांकडे पाठवायचा. त्याची सवय अशी, की कुठलाही कोष उचलायचा आणि कानाशी नेऊन हलवायचा. आतला कोषकिडा सुटा वाजला तर ठीक, वाजला नाही तर तो ब्लेडने कापून बघायचा. त्याने पोत्यांची तोंडं सोडली, एकेक मूठ काढली, कापली, बोटाने चाचपली.

"हा ढीग बरा आहे, माशाल्ला," तो म्हणाला. "हे पोचट मात्र धाग्याला नाही चालणार, ताई. उकळत्या पाण्यात टाकले की चोळामोळा होतात, तार हातभर निघते नि तुटते."

"म्हनून तर वेगळे बांधलेत."

अझहरने पुन्हा पोत्यांकडे पाहिलं. "लोक हे पोत्याच्या तळाशी भरतात. मला खाली हात घालायची आदतच लागलीय. तुमच्याकडे हात घातला तर खालीही तोच माल." त्याने पोत्याचं तोंड बांधलं. "बीमारी आली हे कबूल करणारं मला या हंगामात कुणी भेटलं नाही. आणि असा माल मात्र चार गावांतून आलाय."

हे वाक्य आशालताच्या डोक्यात बसलं. चार गावांतून.

शेड धुण्याच्या दिवशी शोभा सकाळीच आली, डोक्याला फडकं बांधून. तिघींनी रॅक, ट्रे, जाळ्या, चंद्रिका सगळं बाहेर काढलं. ब्लीचिंग आणि चुन्याचं पाणी भिंतींना, जमिनीला, छताच्या अँगलना मारलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की बाहेर जाऊन वारा घ्यायचा आणि परत आत. आजारी अळ्यांचा खड्डा चुना टाकून बुजवला. सगळं वाळल्यावर शेड काही दिवस बंद ठेवली आणि स्नेहलने सांगितलं तसं पुन्हा एकदा धुतली. शोभा दोन्ही वेळा आली. दुसऱ्या वेळी तिच्यासोबत बाळूही आला, गुडघ्याला काही झालेलं नसल्यासारखा शिडीवर चढला आणि वरचे अँगल त्याने घासून काढले. त्याचे कुणी आभार मानले नाहीत आणि त्यालाही ते नको होते.

थंडी पडता पडता नव्या अळ्या आल्या. आता शेडच्या दारात पाय बुडवायला पसरट घमेलं होतं, त्यात औषधाचं पाणी, आणि बाजूला बादली-साबण. जो आत येईल त्याने पाय बुडवायचे आणि हात कोपरापर्यंत धुवायचे, असा नियम मनस्वीने केला होता. काशीराम एका रविवारी पाहुण्यांना घेऊन आला. गोडाऊनवाल्यांचे कुणी ओळखीचे होते, त्यांना 'आमच्या वयनीची शेड' दाखवायची होती. तो बूट घालूनच जाळीच्या दाराशी आला. मनस्वी आडवी उभी राहिली.

"काका, बूट बाहेर. आणि हात धुवा."

"मी घरचा मानूस हाय, पोरी."

"घरच्यांनाच सांगते मी. बाहेरचे न सांगता धुतात."

काशीरामने आशालताकडे पाहिलं. आशालता आत रॅकपाशी पाला घालत होती. तिने ऐकलं होतं, पण मान वर केली नाही. काशीराम पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "चला, बाहेरूनच दिसतंय सगळं," आणि जाळीतून हात दाखवत त्यांना शेड समजावू लागला. त्याने देवीला नारळ फोडला की नाही, हे आशालताने कधी विचारलं नाही.

या वेळीही एका रॅकवर दोन-तीन अळ्या पिवळ्या दिसल्याच. मनस्वीनेच पाहिल्या, त्यांच्या आजूबाजूचा पाला काढून टाकला, चुना मारला. रोग तिथेच थांबला. कोष आले ते कडक, हातात गारगोटीसारखे, आणि अझहरने कानाशी नेऊन हलवले तेव्हा वाजले.

मग स्नेहलने पनवेलला एक बैठक ठेवली. तालुक्यातले आणि आसपासचे रेशीमवाले बोलावले. हॉल लहान होता, खुर्च्यांवर बहुतेक पुरुष, बायका मागे भिंतीशी. स्नेहलने पडद्यावर ते साखरेसारखे दाणे दाखवले, धुण्याची पद्धत सांगितली आणि आशालताला बोलायला पुढे बोलावलं.

आशालता आयुष्यात कधी माईकसमोर उभी राहिली नव्हती. तिने माईक बाजूला सारला. "माझ्याकडं ग्रासरी आली होती," ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर अळ्या गेल्या. लोक बोलले, सुनेच्या पाळीमुळे झालं. तसं काय नसतं. घान जाळ्यांमुळे झालं. आता सांगा, अजून कोनाकडं आली होती?"

कोणत्या चार गावांतून पोचट माल आला होता हे तिला अझहरकडून माहीत होतं, आणि त्या चार गावांतले चेहरे समोर बसलेले दिसत होते. एकाने मोबाईल काढला. दुसरा म्हणाला, "ते बाकीचं असू दे मावशी, तुम्ही पावडर कुठली वापरता ते सांगा. हे असलं पाळीबिळी इथं कशाला?"

"कशाला म्हंजे? तुमच्या घरातल्या बाईला शेडमधी जाऊ देता का नाय, त्यावर पावडर ठरनार हाय. मानूस बाहेर बसवायचा आनि घान जाळी आत घ्यायची, मंग पावडर काय करनार?"

मागे भिंतीशी हालचाल झाली. शोभा उभी राहिली होती. बाळू तिच्या पुढच्या रांगेत होता, त्याने वळून पाहिलं आणि परत समोर बघत राहिला.

"आमच्याकडं आली होती," शोभा म्हणाली. आवाज बारीक होता, पण हॉल लहान होता, सगळ्यांना ऐकू गेला. "मागल्या साली. आमी लपवली. आमच्याच जाळ्या आशाताईकडं गेल्या."

स्नेहलने काही विचारायच्या आत एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आमच्याकडं पन." मग आणखी एकाने हात वर केला. बाकीच्या दोन गावांचं कुणी शेवटपर्यंत बोललं नाही. पण जेवणाच्या वेळी त्या गावांतल्या दोन बायका शोभाजवळ येऊन बसल्या आणि तिघींचं बराच वेळ काही तरी हळू आवाजात चाललं होतं.

आशालता जेवायला थांबली नाही. पुढच्या खेपेच्या अळ्या शेवटच्या वयात होत्या आणि दुपारचा पाला घालायचा होता. बाहेर मनस्वीने स्कूटी काढली. बाळू मागोमाग आला. शेडमधलं भंगार या आठवड्यात काढतो, म्हणाला, मग अँगल घासायला ब्लीचिंग किती लागेल?

"शोभाला इचार," आशालता म्हणाली. "तिला सगळं येतं." आणि ती मागे बसली.